फुसका बार आणि खरा बार

खरं तर मला बिअरच करायची होती. नेहमीची, बार्लीची. डिसेंबरात पुण्याला मेहुण्याकडं गेलो होतो, तिथं त्यानं एका ठिकाणी नेलं जिथं काचेपलीकडं स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात आणि त्यातलीच बिअर समोर ग्लासात येते, आणि मी प्यायचं सोडून त्या टाक्यांकडंच बघत बसलो. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, टाकी, पाइप, टेंपरेचर गेज असलं काही दिसलं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं, हे बायकोला माहीत आहे, मेहुण्याला नव्हतं. तो सारखा विचारत होता, आवडली नाही का?

परत आल्यावर पंधरा दिवस नुसतं वाचन. बार्ली भिजवून मोड आणायचे, मोड वाळवून भाजायचे, ते माल्ट. ते भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. मग गाळायचं, तासभर उकळायचं, कडवटपणासाठी हॉप्स नावाची फुलं घालायची, झटक्यात २० अंशांवर आणायचं आणि यीस्ट सोडायचं. वाचताना एक गंमत कळली, जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली नियम काढला होता की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच, आणि त्यात यीस्टचं नावच नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं की असा काही प्राणी आहे. पाश्चरनं १८५७ च्या सुमाराला यीस्टचं काम दाखवून दिलं. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं लोक ज्याच्या जिवावर बिअर करत होते त्याचा यादीत पत्ताच नाही. ही गोष्ट तेव्हा नुसती हसून सोडून दिली, पुढं माझ्याच बाबतीत तेच झालं ते सांगतो.

तर ऑनलाइन माल्ट बघून ठेवलं, कार्टमध्ये पण टाकलं, आणि डब्याच्या वेळी कंपनीत बोलून बसलो. आमच्या डिस्पॅचचा एक जण म्हटला, "भावा, घरात हातभट्टी लावतोस व्हय?" सगळे हसले. पण रात्री बघितलं तर खरंच, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ साली आलेला, त्यात लायसन्सशिवाय दारू करणं गुन्हा आहे, आणि मी हौसेनं पाच लिटर करतोय का विकायला करतोय असलं काही त्याला पडलेलं नाही. बायकोनं कार्ट रिकामं केलं. "नोकरी आहे ती पुरे," एवढंच म्हटली.

मग जिंजर बिअरवर आलो. नाव बिअर असलं तरी हे मुळात आल्याचं सरबत, फक्त त्यातला गॅस मशीननं न भरता यीस्टकडून तयार करून घ्यायचा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून घराघरात करायचे. दोन-तीन दिवसांत फ्रीजला टाकलं तर अल्कोहोल नावापुरता. आलं साताऱ्याकडनं येतं, गूळ तर कोल्हापूरचा, २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला, लिंबू दारात. म्हटलं हे आपल्याच गावचं पेय आहे, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आधी विरजण करावं लागतं. इंग्रजीत त्याला जिंजर बग म्हणतात, मी विरजणच म्हणतो. बरणीत अर्धा लिटर पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे गूळ, वर फडकं बांधायचं, आणि रोज तेवढंच आलं, तेवढाच गूळ घालून ढवळायचं. पाच-सात दिवसांत फसफसायला लागलं की झालं.

आता मी क्वालिटीचा माणूस. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. बरणी उकळत्या पाण्यातनं काढली, चमचा उकळला, कपिलतीर्थ मंडईतनं आलं आणलं, ते खळखळून धुतलं, साल काढलं, परत धुतलं, मग किसलं. गूळ चांगला पिवळाधमक बघून घेतला. पाणी नळाचं. बरणीवर कंपनीतल्यासारखं बॅचकार्ड चिकटवलं, तारीख, वेळ, टेंपरेचर, सही. सही कशाला ते मलाही माहीत नाही.

दुसरा दिवस, काही नाही. तिसरा, चौथा, पाचवा. सकाळी उठलं की दात घासायच्या आधी बरणीपाशी. सहाव्या दिवशी वर पांढरट साय आली आणि कुजका वास सुटला. पोरगी म्हटली, "बाबा, फुसका बार."

इथं एक सांगायला पाहिजे. फौंड्रीत आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गॅस. मेटल साच्यात ओतताना वाळूतनं नाहीतर मेटलमधनं गॅस सुटतो आणि कास्टिंगच्या आत अडकून बसतो, त्याला ब्लो होल म्हणतात, बाहेरनं दिसत नाही, गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला गेल्यावर उघडं पडतं आणि सगळा लॉट परत. तर मी दिवसभर गॅस येऊ नये म्हणून तडफडायचं आणि रात्री घरी येऊन गॅस यावा म्हणून बरणीला कान लावून बसायचं, असं महिनाभर चाललं होतं. बायको म्हटली, कंपनीतला जरा डब्यातनं घेऊन येत जा.

दुसरी बॅच पण तशीच गेली. उलट ह्या वेळी जास्तच स्वच्छ केली होती.

तिसऱ्यांदा आलं सोलायला बसलो तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यातली वाटी दिसली. आई आल्याची सालं टाकत नाही, चहाला वापरते. माझ्या दोन बॅचची सालं तिनं वाटीत घालून वर थोडं पाणी ओतून ठेवलेलं, सुकू नयेत म्हणून, आणि चार दिवस आम्ही पावण्यांच्या लग्नात असल्यानं ती वाटी तशीच राहिलेली. त्यात गुळाचा खडा पडला होता, माझ्याच हातनं पडला असणार. बघतो तर वाटीत बारीक बारीक बुडबुडे. एक साल वर यायचं, त्याच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, साल परत खाली जायचं, मग दुसरं वर यायचं. वास एकदम ताज्या पावासारखा, त्यात आलं. मी तिथंच उभा राहिलो, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, आईनं येऊन गॅस बंद केला.

म्हणजे यीस्ट सालावर होतं. जंगली यीस्ट, जमिनीतनं, हवेतनं आल्याच्या सालावर बसलेलं, आणि मी ते घासून, सोलून, दोनदा धुऊन, कचऱ्यात नाही तर चहात घालत होतो. आणि सोललेलं आलं उकळलेल्या बरणीत घालून वाट बघत बसलो होतो. बव्हेरियातल्या लोकांना मी हसलो होतो.

"आई, सालातच सगळं असतंय," म्हटलं तर ती म्हणाली, "म्हणूनच टाकत नाही. तुला काय वाटलं, मी चिक्कू हाय म्हणून?"

साल हे मुख्य कारण, पण पाणी आणि गूळ पण बदलले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं, यीस्ट पण त्यातच आलं, म्हणून आता उकळून रात्रभर उघडं ठेवतो. गुळाचं जरा इस्कटून सांगतो. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रोस घालून केलेला असतो, हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उजळायला घालतात, आणि त्याचा गंधक गुळात थोडाफार राहतो. वाइनवाले जंतू रोखायला सल्फाइटच वापरतात. माझा गूळ त्यानंच बिघडला असं मी छातीठोक सांगणार नाही, मी टेस्ट केलेली नाही. पण काळपट गुळाला ती भानगडच नाही, मग कशाला.

तर फेब्रुवारीत एका रविवारी मामाकडं गेलो. मामाचं गुऱ्हाळ आहे करवीर तालुक्यात, पूर्वी गावात बारा होती म्हणे, आता दोनच. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथंच पडीक असायचो. काहील म्हणजे रसाची मोठी कढई, खाली चुलवाण, चुलवाणात रस काढलेल्या उसाची चिपाडं, वर रस उकळतोय आणि वाफेचा तो वास, तो सांगून कळत नाही. रस तापायला लागला की रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात घोळलेलं चिकट पाणी घालतात, सगळी घाण मळी होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारे, आण्णा तिथं चाळीस वर्षं आहेत. थर्मामीटर नाही. बोटं पाण्यात बुडवतात, काहिलीतला थेंब घेतात, परत पाण्यात, चिमटीत गोळी कशी होते बघतात आणि म्हणतात, उतरा. मी एकदा कंपनीतलं इन्फ्रारेड गन आणलं होतं, त्यांनी "उतरा" म्हटल्यावर मारलं, ११८. पुढच्या काहिलीला, ११८. मग ठेवून दिलं गन पिशवीत.

मामाला सांगितलं काय करतोय ते. मामा म्हटला, "भाच्या, रस आंबतोय म्हणून आम्ही आयुष्यभर बोंबलतोय आणि तू मुद्दाम आंबवायला लागलास?" चरकातनं काढलेला रस दुपारपर्यंत काहिलीत गेला नाही तर आंबतो, गूळ चिकट होतो, बसत नाही, तो त्यांचा ब्लो होल. पण दिला बिचाऱ्यानं, दोन किलो बिनहायड्रोसचा काळा गूळ आणि एक बाटली काकवी. काकवीची बाटली घट्ट बंद करू नकोस, एवढं बजावलं. का ते मी विचारलं नाही.

घरी येऊन साल न काढता, नुसतं पाण्याखाली धरून माती गेली की किसून, विरजण लावलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे. पाचव्या दिवशी झाकण ढिलं केलं की सोड्यासारखा फस्स आवाज. बॅचकार्डवर "ओके" मारलं.

आता खरं पेय. चार लिटर पाणी, चारशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम आलं, चार लिंबं, दोनशे मिली गाळलेलं विरजण. निम्मं आलं गुळाच्या पाण्यात उकळलं, निम्मं गॅस बंद केल्यावर कच्चंच किसून घातलं, कारण उकळून आल्याचा ठसका कमी होतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला ठसका नसलेलं आलं द्यायचं म्हणजे अपमानच. पार गार झाल्यावर लिंबू आणि विरजण. गरम असताना विरजण घातलं तर यीस्ट मरतं, दह्याचंच लॉजिक आहे, आईनं न सांगता बोट घालून बघितलं आणि म्हणाली, घाल आता.

बाटल्या. इथं मी माती खाल्ली.

तीन बाटल्या कोल्डड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या होत्या, सव्वादोन लिटरच्या नाहीत, साध्याच, जाड बुडाच्या. बाकीचं पेय उरलं म्हणून दोन काचेच्या बाटल्या घेतल्या, सरबताच्या, चौकोनी, दिसायला लई भारी. चौकोनी! मी दिवसभर पोरांना शिकवतो की कास्टिंगला तीक्ष्ण कोपरा ठेवू नका, ताण कोपऱ्यात गोळा होतो, तडा तिथनंच जातो, रेडियस द्या. गोटी सोड्याची बाटली आठवा, हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली पेटंट घेतलं तिचं, गोल अंग, जाड काच, आणि गॅसच गोटीला आतनं दाबून तोंड बंद करतो. महाद्वार रोडला लहानपणापासून त्या बाटल्या टॉक करून फुटताना ऐकल्यात. आणि मी मेहनतीनं केलेला गॅस चौकोनी बाटलीत घालून, झाकण पक्कड लावून आवळून, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. मार्चचा दुसरा आठवडा. बाहेर ३६, पत्र्याखाली किती ते विचारू नका.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला बार उडाला.

आवाज असा की आई "सिलेंडर, सिलेंडर" ओरडत उठली, गल्लीतली कुत्री एकदम सुरू झाली, शेजारचे काका बाहेर येऊन टायर फुटला काय म्हणून विचारायला लागले, मी "व्हय व्हय, टायरच" म्हटलं, आणि रात्री तीनला घरात कुणाचा टायर फुटतो हे त्यांनी सभ्यपणानं विचारलं नाही. माळ्यावर टॉर्च मारला तर काच गणपतीच्या मखरात रुतलेली आणि फळीच्या फटीतनं गोड चिकट पाणी खाली, बरोबर पाहुण्यांच्या गाद्यांवर. नशीब तिथं कुणी झोपलं नव्हतं. ह्यावर नंतर हसलो सगळे पण त्या रात्री मी हसलो नव्हतो, पोरगी दिवसा त्याच माळ्याखाली खेळते.

आणि दुसरी चौकोनी बाटली अजून वरच होती.

पहाटे पाचला मी कंपनीतला जुना फेसशिल्ड घातला, लेदरचे हातमोजे, अंगावर जीनचं जाकीट, ओलं पोतं घेऊन माळ्यावर चढलो, बाटलीवर पोतं टाकलं, लहान बाळासारखी गुंडाळून खाली आणली आणि मोरीत बर्फाच्या बादलीत ठेवली, कारण गार झालं की गॅस पाण्यात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. दोन तास कुणी मोरीत जायचं नाही. सगळ्यांच्या आंघोळी अडल्या. मग पोत्यातूनच झाकण पाव आटा फिरवलं. फस्स नाही, शिट्टी. अजून पाव आटा, आणि फेस थेट मोरीच्या छताला, तिथनं माझ्या फेसशिल्डवर, बाहेर आई झारा हातात धरून उभी, झारा कशाला ते देवाला माहीत. बाटलीत खाली चार बोटं उरलं होतं. ते मी मोरीतच उभ्या उभ्या, फेसशिल्ड वर करून प्यायलो. सकाळी सातला.

भारी होतं. खरंच भारी. आंबटगोड, नाकात जाणारा ठसका, आणि जिभेवर ते टोचणं, मशीनच्या सोड्यापेक्षा बारीक बुडबुडे. पण घशाशी शेवटी एक मातकट, कडसर चव राहायची.

त्या दिवशी कंपनीत बसून हिशोब केला, जो आधी करायला पाहिजे होता. कोल्डड्रिंकमध्ये लिटरला साधारण ७-८ ग्रॅम गॅस असतो. यीस्ट साखर खातं तेव्हा तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा गॅस होतो, निम्मा अल्कोहोल. म्हणजे लिटरला १५-१६ ग्रॅम साखर खाल्ली की सोडा तयार. माझ्या बाटलीत लिटरला नव्वदच्या घरात होती. यीस्ट काय तुमच्या सोयीनं सोळा ग्रॅमवर थांबत नाही, उकाड्यात तर अजिबात नाही, त्याला थांबवायचं म्हणजे फ्रीज. काकवीची बाटली घट्ट लावू नको ह्याचा अर्थ तेव्हा कळला. मामाला फोन करून सांगितलं तर तो पाच मिनिटं नुसता हसत होता, मग म्हटला, आमचा कॅन फुटला होता, तुझ्या मामीच्या ट्रंकेवर.

प्लॅस्टिकच्या तिन्ही बाटल्या टिकल्या होत्या, पण दगडासारख्या कडक. ह्याचाच पुढं उपयोग झाला. आता सगळं प्लॅस्टिकमध्येच भरतो, वर चार बोटं मोकळी, दाबून हवा काढून झाकण लावतो म्हणजे बाटली चेपलेली असते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्यानं दाबून बघतो. चेप निघून बाटली न उघडलेल्या कोल्डड्रिंकएवढी कडक झाली की लगेच फ्रीजला. काच नाही म्हणजे नाही. आणि माळा नाही, खाली फरशीवर, कळशीशेजारी, झाकण लावलेल्या बादलीत. मार्चअखेरच्या बॅचला बरोबर २६ तास लागले.

आता अल्कोहोल किती झाला हे मोजायची खाज. साखरेचा अल्कोहोल झाला की घनता उतरते, ती मोजायला हायड्रोमीटर पाहिजे. बॅटरीवाल्याकडचा मिळाला पण तो अ‍ॅसिडसाठी, १.१०० च्या पुढनं सुरू, आमचं पेय त्याच्या गावीच नाही. आणि मग डोक्यात आलं की आपण कोल्हापुरात राहतो, इथं गावागावात दूध संस्था आणि प्रत्येक संस्थेत लॅक्टोमीटर. ते दुधाची घनताच मोजतं, १५ ते ४० डिग्री, म्हणजे १.०१५ ते १.०४०, आणि आपलं पेय अगदी त्यातच बसतं. चुलतभाऊ संस्थेत टेस्टरला आहे, त्याच्याकडनं आणलं, संध्याकाळच्या कलेक्शनच्या आत परत द्यायच्या बोलीवर. विरजण घातल्या घातल्या ३१ डिग्री. फ्रीजला टाकायच्या आधी नमुना दोन भांड्यांत वरखाली ओतून गॅस काढला, नाहीतर बुडबुडे लॅक्टोमीटरला उचलून धरतात आणि खोटं रीडिंग येतं, आणि मोजलं, २६. दोन्ही वेळा नमुना २७ अंशांवरच घेतला होता, मला फरकच पाहिजे होता. एक डिग्री उतरली की साधारण ०.१३ टक्के अल्कोहोल, पाच डिग्रीला ०.६५. फॅक्टरीतल्या साध्या बिअरमध्ये पाचच्या आसपास असतो. तरी असतो म्हणून पोरांसाठी विरजण न घातलेलं आल्याचं सरबत त्याच पातेल्यातनं आधीच काढून ठेवतो, त्यांना काय, सोडा ओतला की त्यांची पार्टी. चुलतभावानं रीडिंग बघून सांगितलं, "पहिलं चांगलं हाय, दुसऱ्यात पाणी घातलंय, रेट बसणार नाही."

एप्रिलच्या सुरुवातीला गुऱ्हाळाचा शेवटचा घाणा होता. दोन बाटल्या बर्फात घालून नेल्या. मामा, मामी, चिपाडं टाकणारी दोघं, सगळ्यांना कपातनं दिलं. मामीनं नाक मुरडलं आणि दुसरा कप मागितला. गुळव्या आण्णा काहिलीपासनं हलले नाहीत, तिथंच नेऊन दिलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, कप उजेडाकडं धरून तळ बघितला, आणि विचारलं,

"गूळ उकळलास तवा वर काय आलतं?"

म्हटलं फेस आला होता. काळपट.

"आन् काय केलंस त्येचं?"

काही नाही. ढवळला.

त्यांनी कप माझ्या हातात दिला. "मळी पितोस व्हय रं," म्हणाले आणि परत काहिलीकडं वळले. थोड्या वेळानं काहिलीत बघतच सांगितलं की गूळ कितीबी चांगला असू दे, परत पातळ केला की राहिलेली मळी सोडतोय, भेंडी लाव.

आता मला वाटत होतं ती मातकट चव यीस्टची. खाली बसलेल्या गाळाची. त्यावर मी दोन बॅच फडक्यातनं गाळून वाया घालवल्या होत्या, आणि ह्या माणसानं एका घोटात डिफेक्ट आणि रूट कॉज दोन्ही सांगितलं. आमच्याकडं ह्याला चार मीटिंगा लागतात.

शहरात रानभेंडीचं खोड कुठनं आणू, म्हणून आज भाजीचीच चार भेंडी ठेचून पाण्यात चोळली, त्या चिकट पाण्याचा अर्धा कप गुळाच्या पाण्यात घातला आणि गॅस बारीक केला. पाच मिनिटं काही नाही. मग कडेकडेनं राखाडी साय धरायला लागली, ती मध्ये सरकत आली, जाड झाली, बोटभर झाली, तिच्यात चिपाडाचे बारीक तूस आणि काळे कण अडकलेले दिसत होते. झाऱ्यानं काढली तर खाली पाणी चहासारखं लाल, आरपार पातेल्याचा तळ दिसतोय. मळी वाटीत काढून ठेवली आहे. आई विचारतेय टाकू का चहाला ठेवू.